म्हाताऱ्यांचा दांडा: हिकरी, पोलाद, ग्राफाइट आणि मामाचं कोपर

(हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बहुतेक तसेच ठेवलेत.)

इअरफोन हाताशी नसतील तर वाचा, तेही चालेल.

आजची गोष्ट सुरू होते माझ्या मामाच्या कॉटखालून. मामा चेंबूरचा. तिथल्या गोल्फ कोर्सला लागून असलेल्या वस्तीत वाढलेला. तिथली पोरं बांधकामावरची सळई वाकवून क्लब बनवतात, प्लास्टिकचा चेंडू घेतात आणि गल्लीबोळात गोल्फ खेळतात. एखाद्या रीलमध्ये पाहिलंही असेल तुम्ही. मामाचा पहिला क्लब तसलाच. दांडाही सळईचा, डोकंही सळईचं. पुढे तो कॅडी झाला, लोकांच्या बॅगा वाहिल्या, बघून बघून खेळ शिकला. आज तो नवशिक्यांना शिकवतो आणि फावल्या वेळात क्लबांची दुरुस्ती करतो. ग्रिप बदल, दांडा बदल, अशी कामं.

गेल्या पावसाळ्यात त्याचं उजवं कोपर गेलं. चहाचा कप उचलला तरी कळ यायची. रोज शे-दीडशे चेंडू मारून दाखवायचे, तेही कडक मॅटवर. त्याचा हिशेब शरीरानं मागितला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती. पण मामाची विश्रांती म्हणजे कमाई बंद.

आणि कॉटखाली एक अख्खा सेट पडून होता. परदेशी जाताना एका खेळाडूनं दिलेला, ग्राफाइटच्या दांड्यांचे आयर्न. हलके, हादरा कमी देणारे. मी म्हटलं, "मामा, हे वापर की!" तर म्हणतो, "ते म्हाताऱ्यांचं आणि बायकांचं असतं रे. माझ्या हातात बघितलं तर पोरं हसतील."

मला प्रश्न पडला, हे ठरवलं कुणी? दांड्याला वय कुणी चिकटवलं? म्हणून शोधायला लागलो. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी दोन मिनिटं ओळख

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी. क्लबचे तीन भाग: खाली डोकं, वर ग्रिप, मधे दांडा, म्हणजेच शाफ्ट. ड्रायव्हर हा लांब मारायचा क्लब. आयर्न वेगळे. तिथं प्रश्न नुसता किती लांब हा नसतो. चेंडू ठरलेल्या अंतरावर, दरवेळी तिथंच पडला पाहिजे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यावरच फिरते.

कुऱ्हाडीचा दांडा

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या कारागिरांना अमेरिकेतून येणारं हिकरीचं लाकूड सापडलं. चिवट, लवचिक, धक्का सोसणारं. अमेरिकेत कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे याच लाकडाचे. आपल्याकडे म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ? इथं तोच दांडा खेळात आला आणि शंभरेक वर्षं राज्य करून गेला.

पण हिकरीला एक खोड होती. ती वाकते तशी पिळतेही. चेंडूवर फटका बसताना डोकं किंचित फिरतं, आणि ते फिरणं सांभाळून स्विंग करावा लागतो. शिवाय दोन लाकडं कधी सारखी नसतात. चांगले खेळाडू ढीगभर दांड्यांतून एकेक निवडायचे, हाताला जुळणारा.

१८९० च्या दशकात टॉमस हॉर्सबर्ग नावाच्या एका स्कॉटिश लोहारानं पोलादी दांडा करून बघितला. फार कुणी विचारलं नाही. १९१० मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या आर्थर नाइट या इंजिनियरला पोकळ पोलादी नळीच्या दांड्याचं पेटंट मिळालं. म्हणजे वस्तू तयार होती. पण नियम? अमेरिकेच्या यूएसजीएनं पोलादाला मान्यता दिली १९२४ मध्ये, आणि सेंट अँड्र्यूजच्या आर अँड एनं १९२९ मध्ये. पेटंटपासून मोजलं तर जवळजवळ वीस वर्षं!

का? तर भीती. खेळ सोपा होईल, हातातलं कसब मरेल. परंपरा, मंडळी, परंपरा!

आता यातला मला सगळ्यात आवडलेला तपशील. सुरुवातीच्या काळात कितीतरी पोलादी दांड्यांवर लाकडासारखं दिसणारं आवरण चढवून विकायचे. आतून पोलाद, वरून हिकरीचं सोंग. का? चारचौघांत लाज वाटू नये म्हणून.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. कारण ज्याला तो "खरा दांडा" म्हणतो, ते पोलाद एकेकाळी लपवून वापरायची गोष्ट होती.

पुढे पारडं फिरलं. बॉबी जोन्सनं १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीनं. आणि लगेच १९३१ मध्ये बिली बर्क पोलादी दांड्यांनी यूएस ओपन जिंकला. पोलादामुळे एक मोठी गोष्ट झाली: दांडे एकसारखे बनवता यायला लागले. मग मॅशी, निब्लिक अशी जुनी नावं मागं पडली आणि पाच नंबर, सात नंबर असे क्रमवार सेट रुळले. बॅगेत क्लब इतके वाढले की काही खेळाडू पंचवीसच्या वर घेऊन फिरायचे. शेवटी १९३८ मध्ये यूएसजीएनं चौदाची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी आर अँड एनंही. मामाचं यावर म्हणणं: "ही मर्यादा कॅडीच्या खांद्यांनी मागितली असणार."

स्वेटर भाजला तर?

आता ग्राफाइट. हे नाव ऐकलं की पेन्सिल आठवते. पण दांड्यातलं ग्राफाइट म्हणजे खरं तर कार्बन फायबर. राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, बसवलेले कार्बनचे केसाहून बारीक धागे. बाजारात "ग्राफाइट" हेच नाव चिकटलं.

१९५८ मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन या शास्त्रज्ञाला कार्बनवर प्रयोग करताना बारीक, विलक्षण मजबूत तंतू मिळाले. त्याचाच अंदाज होता की त्यांची किंमत पौंडाला एक कोटी डॉलर पडेल. म्हणजे बघायलाच छान!

स्वस्त रस्ता निघाला जपानमध्ये. ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या अकियो शिंदो यांनी १९५९ च्या सुमारास पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या धाग्यापासून कार्बनचा धागा काढला. नाव अवघड आहे, वस्तू ओळखीची. आपले अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर असतात ना, त्याच घराण्यातला धागा. तो आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजायचा, मग हवा काढून टाकलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकी सगळं उडून जातं, कार्बन उरतो. पुढे इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात विल्यम वॉट आणि सहकाऱ्यांनी भाजताना धागा ताणून धरायची युक्ती काढली आणि ताकद आणखी वाढली.

आणि मग एक आपटी. रोल्स रॉइसनं विमानाच्या आरबी२११ इंजिनाची पाती कार्बन फायबरची केली. १९७० मध्ये चाचणी झाली, पक्षी आदळला तर काय होतं ती. पाती टिकली नाहीत. टायटॅनियमवर परत यावं लागलं, इंजिनाचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. एकट्या पात्यांमुळे नव्हे, पण त्यांचाही वाटा होताच.

म्हणजे धागा जबरदस्त, पण महाग, आणि विमानवाले अजून कचरतायत. मग हा माल घेणार कोण? ज्याला हलकं आणि ताठ काहीतरी हवंय आणि जास्तीचे पैसे मोजायची तयारी आहे, तो. मासे पकडणारा आणि गोल्फ खेळणारा! जपानच्या तोरे कंपनीनं १९७१ मध्ये कार्बन फायबरचं व्यापारी उत्पादन सुरू केलं, आणि सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत होते गळाच्या काठ्या आणि गोल्फचे दांडे बनवणारे. पुढे त्याच कंपनीचा धागा बोइंग ७८७ च्या अंगाला लागला. आधी गळ, मग विमान.

ड्रायव्हरमध्ये शिरला, आयर्नमध्ये अडला

अमेरिकेत शेक्सपियर ही कंपनी गळाच्या काठ्यांसाठी प्रसिद्ध होती. तिथं फ्रँक टॉमस या इंजिनियरनं १९६९ मध्ये ग्राफाइटचा गोल्फ शाफ्ट बनवला. आणि पुढे हाच माणूस यूएसजीएचा तांत्रिक संचालक झाला, म्हणजे नव्या क्लबांना हो-नाही म्हणणारा!

१९७२ मध्ये जपानच्या ताइहेइयो मास्टर्समध्ये अमेरिकेचा गे ब्रूअर काळ्या दांड्याच्या ड्रायव्हरनं जिंकला आणि सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. हलका दांडा, म्हणून वेग जास्त, म्हणून अंतर जास्त. ड्रायव्हरला हेच हवं होतं.

पण आयर्नचं गणित आठवा: नेमकेपणा. आणि तिथं हिकरीचं जुनं भूत परत आलं. सुरुवातीचे ग्राफाइट दांडे पोलादापेक्षा फार पिळायचे. एकच चेंडू आज इथं, उद्या तिथं.

असं का? कार्बनचा धागा ताकदवान असतो तो त्याच्या लांबीच्या दिशेनं. सगळे धागे उभे लावले तर दांडा वाकायला ताठ, पण पिळायला मऊ. उपाय समजायला अळूवडी आठवा. आई पानं कशी रचते? एक असं, एक उलट, मधे पीठ, मग घट्ट गुंडाळी, आणि उकडायला. ग्राफाइटचा दांडा जवळजवळ तसाच होतो. राळेत भिजलेले कार्बनचे पत्रे पोलादी कांबीभोवती गुंडाळतात. काही थर उभ्या धाग्यांचे, वाकणं रोखायला. काही ४५ अंशांत तिरपे, एक डावीकडे, एक उजवीकडे, पीळ रोखायला. मग भट्टीत भाजायचं, कांब काढून घ्यायची, घासायचं, रंगवायचं. थर कसे लावायचे हे कळत गेलं, धागे सुधारले, आणि पीळ आटोक्यात आला.

पण तोवर शिक्का बसला होता. ज्यांचा स्विंग मंद त्यांना हलकेपणाचा फायदा उघड दिसला, म्हणून ज्येष्ठ आणि महिला खेळाडूंनी आयर्नमध्ये ग्राफाइट आधी आपलंसं केलं. कंपन्यांनीही त्यांच्यासाठी मऊ, हलके दांडे जास्त बनवले. मग लोकांनी उलटा निष्कर्ष काढला, ग्राफाइट म्हणजेच मऊ. तोवर टायगर वुड्ससारखा खेळाडू या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ड्रायव्हरलासुद्धा पोलादी दांडा वापरत होता. मग कोण ऐकणार?

हा शिक्का पुसला कुणी म्हणाल, तर २०२० चा यूएस ओपन बघा. विंग्ड फूटवर ब्रायसन डीशॅम्बो जिंकला, त्या काळात सगळ्यात जोरात फटका मारणाऱ्यांपैकी एक. त्याच्या आयर्नला ग्राफाइट, वेजला ग्राफाइट, पटरलासुद्धा. म्हातारा? तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

मग निवडायचं कसं?

मामाच्या दुकानात बसून जे शिकलो ते थोडक्यात.

पहिलं, वजन. आयर्नचा नेहमीचा जड पोलादी दांडा १२० ते १३० ग्रॅमचा. ग्राफाइट साधारण ५० पासून १०० च्याही वर मिळतो. म्हणजे "ग्राफाइट म्हणजे हलका" हेही आता अर्धसत्य. आज १२० चा दांडा फिरवताय तर एकदम ५५ वर उडी मारू नका, लय बिघडते.

दुसरं, दांड्यावरची आर, एस, एक्स ही अक्षरं. ती ताठपणा सांगतात, पण सगळ्या कंपन्यांचं माप एक नाही. एकाचा एस दुसऱ्याचा आर निघू शकतो. चपलेसारखं आहे: नंबर बघा, पण घालूनही बघा.

तिसरं, पीळ, म्हणजे टॉर्क. तो अंशांत लिहिलेला असतो. आकडा कमी तर पीळ कमी. जोरात मारणाऱ्यानं तो बघावाच.

चौथं, लांबी. ग्राफाइटचे तयार सेट बरेचदा अर्धा इंच लांब येतात. आणि पाचवं, किंमत. ग्राफाइट बहुतेक वेळा महाग पडतो, तेव्हा एकदम अख्खा सेट बदलू नका. एका सात नंबरला लावा, महिनाभर मारा, मग ठरवा.

आणि कोपर, मनगट दुखत असेल तर ग्राफाइट हादरा कमी पोचवतो, हे खरं. पण तो दांडा आहे, औषध नाही. डॉक्टरांना पर्याय नाही.

कॉटखालचा सेट

दिवाळीनंतर एका सकाळी मामानं तो सेट बाहेर काढला. कुणी नव्हतं तेव्हा, हे सांगायला नको. पहिले दहा चेंडू डावीकडे गेले. "बघ, सांगितलं होतं ना," म्हणाला. अकरावा सरळ गेला. मग तो काही बोलला नाही, नुसता मारत राहिला.

आज त्याच्या बॅगेत चार ते नऊ नंबर ग्राफाइट आहेत आणि वेज पोलादी. जवळच्या फटक्यांना हाताला वजन लागतं म्हणतो. कोपर पूर्ण बरं नाही, पण तो परत शिकवतोय, आणि मॅट सोडून गवतावर मारतोय.

मागच्या रविवारी एका पोरानं विचारलंच, "काका, हे म्हाताऱ्यांचे ना?"

मामा म्हणाला, "हो. आणि तुझे ते पोलादी आहेत ना, त्यांना पूर्वी लाकडाचं सोंग घालून विकायचे. जा, चेंडू गोळा कर."

तर मंडळी, इतकंच. तुमच्या घरात असं काही कॉटखाली पडलंय का, केवळ लाजेपोटी? मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.