कौलाच्या पोटावरचं साल

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पंधरवड्याने ई-पास काढून मी आणि काका श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरी पोचलो, तर माजघरातून थेट आभाळ दिसत होतं. पडवीत कौलांचा खच पडलेला. त्यातलं एक धड कौल उचलून उलटं केलं. पोटावर इंग्रजीत ठसा होता : बासेल मिशन, मंगलोर, १८६५.

दीडशे वर्षांचं कौल! मी लगेच फोटो काढला. नंतर कळलं की ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल त्यानंतरचं कधीचंही असू शकतं. (वेबसाइटच्या तळाशी लिहिलेल्या सालावरून आपण कोडचं वय ठरवत नाही, तसंच हे.)

बासेल हे स्वित्झर्लंडमधलं शहर. तिथल्या मिशनचे पाद्री १८३४ मध्ये मंगळूरला आले. धर्म बदललेल्यांची जात सुटे आणि जातीबरोबर पोटापाण्याचा धंदाही सुटे. त्यांना काम देण्यासाठी मिशनने आधी हातमाग सुरू केले. मग १८६५ मध्ये जॉर्ज प्लेब्स्टने जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती, दाबयंत्र आणि भट्टी, एवढं भांडवल. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना मात्र युरोपातली. आल्सेसमधल्या आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये तसं पेटंट घेतलं होतं.

या अडकण्याचं महत्त्व कळायला त्याआधीचं छप्पर आठवावं लागतं. आमच्या गोठ्यावर बरीच वर्षं नळे होते, म्हणजे कुंभाराच्या हातची अर्धगोल कौलं. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, आणि सगळं नुसत्या वजनावर टिकलेलं. मांजर पळालं, माकडं नाचली की नळे सरकणार. म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी शाकारणी. छप्पर उतरवायचं, फुटके नळे काढायचे, सगळं पुन्हा रचायचं. आजी लग्नाच्या तारखासुद्धा शाकारणी टाळून ठरवायची.

मंगलोरी कौलाच्या एका कडेला खाच असते, दुसऱ्या कडेला तीत बसणारा उंचवटा. मागे रिपेवर टेकणारी टोकं. वरचं कौल खालच्यावर चढतं, त्यामुळे पाणी उताराने कौलावरून कौलावर जात पागोळीतून अंगणात पडतं. फटी राहतात, पण त्या पाण्याच्या वाटेत येत नाहीत. त्यांतून चुलीचा धूर आणि दुपारची गरम हवा बाहेर जाते. एक कौल फुटलं तर तेवढंच बदलायचं. दरवर्षीचं एक मोठं काम या खाचेने संपवलं. पुढे इतर कारखानदारांनीही ही कौलं काढली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, तरी कौलांचा खप चालूच राहिला.

पण हे सगळं पावसापुरतं. अमेरिकेतल्या घरांवरचे शिंगल खिळ्यांनी ठोकलेले असतात, आपलं कौल नुसतं टेकलेलं. जोराचा वारा उतारावरून जाताना छपराला वर ओढतो, आणि दोन-अडीच किलोचं कौल त्याला पुरं पडत नाही. सुरुवात वळचणीच्या ओळीपासून झाली होती. उरलेलं काम सुपारीच्या झाडांनी पडून केलं.

काका म्हणाले, "आता पत्राच." शेजाऱ्यांचा पत्रा अख्खा उडून दुसऱ्याच्या वाडीत पडला होता, हे मी बोललो नाही. हातातलं कौल बघत होतो. मागच्या टोकाला एक बारीक भोक होतं. तार ओवून रिपेला बांधण्यासाठी. आमच्या छपरावर एकाही कौलाला तार नव्हती.

तो पावसाळा ताडपत्रीखाली गेला. पुढच्या उन्हाळ्यात पैसे मोजून निर्णय झाला : ओटी आणि माजघरावर कौलं, वळचणीच्या दोन ओळी तारेने बांधलेल्या, आणि मागे स्वयंपाकघरावर पत्रा. आता जोराचा पाऊस आला की काकू फोन घेऊन माजघरात येते. मागे काही ऐकू येत नाही म्हणते.