टेबल माउंटन : केपटाउनच्या एका दिवसात वाचता येणारी साडेतीनशे वर्षे

१/ आकाशात ८८ अधिकृत तारकासमूह आहेत. त्यांपैकी ‘मेन्सा’ या अंधुक तारकासमूहाला पृथ्वीवरील एका प्रत्यक्ष डोंगराचे नाव मिळाले आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय १७५१ ते १७५३ या काळात केपटाउनला राहून दक्षिण गोलार्धातील तारे नोंदवीत होता. रोज समोर दिसणारा सपाट माथ्याचा टेबल माउंटन त्याने तारकांमध्ये नेऊन बसवला.

२/ केपटाउनला एका दिवसासाठी आलेला प्रवासी सहसा ठरलेल्या वाटेने फिरतो. सकाळी किल्ला व कंपनीची बाग, मग रंगीत घरांची बो-काप वस्ती, दुपारी रोपवेने डोंगरमाथा. सारे अंतर अवघ्या काही किलोमीटरांचे. हीच स्थळे इतिहास म्हणून वाचली, तर त्यांतून हे शहर कोणाच्या श्रमांवर उभे राहिले याची कथा उलगडते. त्या कथेतील अनेक माणसे भारतातून नेलेली होती.

३/ युरोपीय येण्यापूर्वी या पायथ्याशी खोईखोई पशुपालक आपली गुरे चारत. ते या डोंगराला ‘समुद्रातला डोंगर’ म्हणत, असे सांगितले जाते. १५०३ मध्ये भारताकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी अंतोनियो द सालदान्या येथे वाट चुकला आणि आपण नेमके कोठे आहोत हे पाहण्यासाठी डोंगर चढून गेला. या डोंगराची नोंद झालेली ही पहिली चढाई.

४/ ६ एप्रिल १६५२ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान व्हान रीबेक येथे उतरला. कंपनीला तेव्हा वसाहत उभारायची नव्हती. हॉलंडहून आशियाकडे जाणाऱ्या जहाजांवर महिनोन्‌महिने ताजे अन्न मिळत नसे आणि खलाशी स्कर्व्हीने मरत. निम्म्या वाटेवर गोडे पाणी, भाजीपाला व मांस मिळावे, एवढाच हेतू होता.

५/ गोडे पाणी टेबल माउंटनवरून येणाऱ्या ओढ्यांचे होते. भाजीपाल्यासाठी त्याच पाण्यावर ‘कंपनीची बाग’ उभी राहिली. आज शहराच्या मध्यभागी सावलीत विसावण्याचे ते रम्य उद्यान आहे. प्रारंभी ते कोबी आणि गाजरांचे शेत होते.

६/ मराठी वाचकाला ही कंपनी अपरिचित नाही. वेंगुर्ल्यातील डच वखार तिचीच. सतराव्या शतकात कोकणच्या किनाऱ्यावर व्यापार करणारी ही कंपनी केपटाउनला आपल्या आशियाई मार्गावरील विसाव्याचे ठिकाण मानत होती. वेंगुर्ला, कोची, बटाव्हिया आणि केपटाउन ही एकाच साखळीतील ठाणी होती.

७/ मांस खोईखोईंकडून मिळे. पण कंपनीने शेतीसाठी त्यांची कुरणे व्यापली, तेव्हा संघर्ष अटळ झाला. १६५९ मध्ये पहिले युद्ध झाले. त्यानंतर व्हान रीबेकने १६६० मध्ये रानटी बदामाच्या झुडपांचे दाट कुंपण लावून वसाहतीची सीमा आखली. त्या कुंपणाचे काही अवशेष डोंगराच्या पूर्व उतारावरील किर्स्टनबॉश उद्यानात अजून जिवंत आहेत.

८/ डच आणि खोईखोई यांच्यात दुभाष्याचे काम करणारा आउत्शुमातो १६५८ मध्ये समोरच्या रॉबेन बेटावर हद्दपार झाला. पुढच्या वर्षी तो एका मोडक्या होडीतून समुद्र ओलांडून निसटला. त्या बेटाच्या तुरुंगपर्वाचा हा अगदी आरंभीचा अध्याय.

९/ खोईखोईंना गुलाम करण्यास कंपनीची मनाई होती. त्यामुळे राबणारे हात समुद्रमार्गे आणले गेले. १६५८ मध्ये अँगोलाच्या माणसांची पहिली मोठी खेप उतरली. त्यानंतरच्या दीड शतकात सुमारे ६३ हजार माणसे येथे गुलाम म्हणून आणली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील साधारण पाव भाग भारतीय उपखंडातून आला. उरलेले आफ्रिकेची मुख्य भूमी, मादागास्कर आणि आजचा इंडोनेशिया येथून आले.

१०/ गुलामांची मूळ नावे सहसा टिकत नसत. कागदोपत्री लिहिले जाई ते नवे नाव व मूळ प्रदेश : ‘व्हान बेंगाले’ म्हणजे बंगालची, ‘व्हान मलबार’ म्हणजे मलबारचा. अँजेला व्हान बेंगाले ही त्यांपैकी एक. ती व्हान रीबेकच्याच घरी गुलाम होती. १६६६ मध्ये ती मुक्त झाली, तिला शहरात जमिनीचा तुकडा मिळाला आणि पुढे तिने एका युरोपीय माणसाशी विवाह केला. तिचे वंशज दक्षिण आफ्रिकेतील अनेक गोऱ्या घराण्यांत आहेत. रंगावरून माणसे वेगळी करणाऱ्या राजवटीला हे वास्तव अडचणीचेच होते.

११/ बागेच्या तोंडाशी असलेली ‘स्लेव्ह लॉज’ ही १६७९ मधील वास्तू. कंपनीच्या मालकीचे शेकडो गुलाम येथे कोंडलेले असत. पुढे तिथे सरकारी कचेऱ्या आल्या, मग सर्वोच्च न्यायालय, मग संग्रहालय. गुलामांचा उल्लेख इमारतीच्या नावात परतला तो थेट १९९८ मध्ये.

१२/ किल्ल्याचे बांधकाम १६६६ ते १६७९ असे चालले. शहराच्या चुलींसाठी डोंगरउतारावरून लाकूडफाटा आणणे हे गुलाम पुरुषांचे काम. धुणे स्त्रियांकडे. आज गिर्यारोहक ज्या प्लाटक्लिप घळीतून माथा गाठतात, तिच्या पायथ्याच्या ओढ्यावर या स्त्रिया शहराचे कपडे धूत. ‘प्लाटक्लिप’ म्हणजे सपाट दगड. हाच डोंगर पळून आलेल्या गुलामांना कपारींमध्ये आसरा देई.

१३/ बागेपासून चालत थोड्याच अंतरावर बो-काप आहे. येथील रंगीत भिंतींपुढे छायाचित्रे काढण्यासाठी गर्दी असते. याच वस्तीतील अव्वल मशीद १७९४ पासूनची, देशातील सर्वांत जुनी मानली जाणारी. तिचे पहिले इमाम तुआन गुरू हे तिदोर बेटाच्या राजघराण्यातले. डचांनी त्यांना १७८० मध्ये कैदी म्हणून आणून रॉबेन बेटावर ठेवले होते. तेथे त्यांनी संपूर्ण कुराण स्मरणातून लिहून काढले, असे परंपरा सांगते.

१४/ वस्तीतील मदरशांमधून आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. गुलामांच्या मुलांची बोली ही डचमधून बदलत गेलेली, म्हणजे पुढची आफ्रिकान्स. ती येथे अरबी लिपीत लिहिली गेली. जी भाषा नंतर गोऱ्या राष्ट्रवादाची निशाणी ठरली, तिचे काही सर्वांत जुने लेखन या मुस्लिम वस्तीतले आहे.

१५/ केप इंग्रजांकडे गेल्यावर १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. प्रत्यक्षात मुक्त झालेल्यांना आणखी चार वर्षे ‘शिकाऊ’ म्हणून जुन्याच मालकांकडे राबावे लागले. खरी सुटका १ डिसेंबर १८३८ ची. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना; राबलेल्यांना काहीच नाही.

१६/ आता डोंगर. रोपवे ऑक्टोबर १९२९ मध्ये सुरू झाला. त्याआधी माथा केवळ पायी गाठता येई. आज काही मिनिटांत १,०६७ मीटर उंचीवरील स्थानक येते. आग्नेयेचा वारा सुटला की माथ्यावरून ढग पांढऱ्या चादरीसारखा ओघळतो आणि रोपवे बंद पडतो.

१७/ हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे समुद्रात एक सपाट ठिपका दिसतो : रॉबेन बेट. नेल्सन मंडेला यांच्या २७ वर्षांच्या कारावासातील १८ वर्षे तेथे गेली, १९६४ ते १९८२. बेटावरील कैद्यांना खाडीपलीकडे हाच डोंगर दिसे. स्वातंत्र्याची भूमी जवळ आहे, एवढा दिलासा तो देई.

१८/ माथ्यावरून शहराकडे पाहिल्यास किल्ल्याच्या मागे, वस्तीच्या दाटीत मोकळी पडलेली जमीन दिसते. हा डिस्ट्रिक्ट सिक्स. मुक्त झालेले गुलाम, कारागीर, गोदी कामगार, स्थलांतरित अशा सर्वांचा हा मोहल्ला. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने तो केवळ गोऱ्यांसाठी घोषित केला. ६० हजारांहून अधिक लोकांना दूरच्या वाळवंटी केप फ्लॅट्सवर हलवून घरे पाडण्यात आली. तेथील रहिवाशांना घराच्या दारातून दिसणारा डोंगर आता क्षितिजावर गेला.

१९/ बरोबर २४ वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९९० रोजी, मंडेला मुक्त झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी सिटी हॉलच्या सज्जातून जनतेला संबोधित केले. तो सज्जा जुन्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि डिस्ट्रिक्ट सिक्सची रिकामी जमीन त्याच्या मागेच.

२०/ स्लेव्ह लॉजलगतच्या चौकात २००८ पासून ग्रॅनाइटचे ११ ठोकळे आहेत. त्यांवर गुलामांची नावे कोरली आहेत. अनेकांना मालकांनी महिन्यांची नावे दिली होती. म्हणूनच केपटाउनमध्ये आजही सप्टेंबर, एप्रिल, फेब्रुवारी अशी आडनावे भेटतात. ती धारण करणाऱ्या कोणाचा तरी पूर्वज मलबारच्या किंवा बंगालच्या किनाऱ्यावरून जहाजात चढवला गेला असेल. त्याचे खरे नाव त्या किनाऱ्यावरच मागे राहिले.

(समाप्त)