परवानगी आणि अट

३ जून १९४९. दिल्लीत जूनचा उकाडा आहे आणि तुम्ही संविधान सभेच्या प्रेक्षक सज्जात जागा धरून बसला आहात. आजच्या काळातून येताना एकच प्रश्न बरोबर आणला आहे: माणसाच्या जिवाची हमी देणारी राज्यघटना खुनासाठी त्याचा जीव घ्यायला परवानगी देते का?

खाली सभागृहात मात्र वाद वेगळाच चालू आहे. फाशी झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा की नसावा? डॉ. आंबेडकर उठतात. अपिलाची दारे अशी रुंद करण्यापेक्षा फाशीच रद्द करणे मी पसंत करीन, असे ते म्हणतात. हा देश अहिंसा मानणारा आहे. आचरणात ती कमी पडत असेल, पण नैतिक आदर्श म्हणून लोक ती मानतात, अशी त्यांची मांडणी. तुम्ही सावरून बसता. आता ठराव येईल, मतदान होईल. तसे काही होत नाही. चर्चा पुन्हा अपिलावर येते आणि तिथेच संपते.

घटना तयार होते तेव्हा तिच्यात फाशीचा उल्लेख राहतोच: राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकारात, म्हणजे अनुच्छेद ७२ मध्ये, आणि अपिलाच्या तरतुदीत, अनुच्छेद १३४ मध्ये. या दोन जागा लक्षात ठेवा. तीस वर्षांनी फाशीच्या बाजूने त्यांचीच साक्ष काढली जाणार आहे.

पुढची वर्षे भराभर ओलांडा, फक्त फौजदारी प्रक्रिया संहितेपाशी थांबा. १८९८ च्या संहितेनुसार खुनाच्या खटल्यात फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाला ती का दिली नाही हे लिहावे लागे. म्हणजे फाशी हा शिरस्ता आणि जन्मठेप हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने ही सक्ती गेली. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तर काटा पुरता फिरवला. कलम ३५४(३) म्हणते, फाशी देणार असाल तर ‘विशेष कारणे’ लिहा. कलम २३५(२) म्हणते, दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे वेगळे ऐकून घ्या. भाषणे नाहीत, मोर्चे नाहीत; दोन कलमांनी न्यायाधीशाच्या टेबलावरचा भार एका बाजूचा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

या बदलाच्या थोडे आधी, ३ ऑक्टोबर १९७२ रोजी, तुम्ही सर्वोच्च न्यायालयात डोकावता. जगमोहन सिंग खटला. जूनमध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्मन खटल्यात तिथली फाशीची पद्धत मनमानी म्हणून मोडीत काढली आहे आणि त्या निकालाचा आधार इथे घेतला गेला आहे. पाच जणांच्या घटनापीठाचा एकमुखी निकाल न्या. पालेकर देतात. अमेरिकेतला अनुभव जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. न्यायाधीशाचा विवेक मुरलेल्या तत्त्वांवर चालतो आणि चुकला तर वरचे न्यायालय आहे. फाशी वैध.

विषय संपला, असे त्या दिवशी कुणालाही वाटले असते. पण २५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधी खटल्याचा निकाल लागतो आणि जिवाची हमी देणाऱ्या अनुच्छेद २१ चा अर्थच बदलतो. जीव घ्यायला नुसता कायदा असून भागणार नाही. ती प्रक्रिया न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. पुढच्याच वर्षी राजेंद्र प्रसाद खटल्यात न्या. कृष्ण अय्यर फाशीची वाट इतकी अरुंद करतात की हे जगमोहनच्या निकालाशी विसंगत आहे, अशी हरकत न्यायालयातूनच येते. म्हणून पुन्हा पाच न्यायाधीश बसतात.

आता ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो त्या माणसाकडे वळा. बचन सिंग. पत्नीच्या खुनासाठी त्याने जन्मठेप भोगली. सुटल्यावर चुलतभावाच्या घरी राहू लागला. जुलै १९७७ मधल्या एका रात्री त्या घरातल्या झोपलेल्या माणसांवर त्याने कुऱ्हाड चालवली, तिघे मेले. फाशीला तुमचा विरोध असेल तर या तपशिलावरून घाईने पुढे जाऊ नका. घटनेच्या प्रश्नाला नेहमी सोयीचा अशील मिळत नाही.

सुनावणीत तुम्ही मागच्या बाकावर बसा. पीठावर मधोमध पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. सोबत न्यायमूर्ती गुप्ता, उंटवालिया, भगवती आणि सरकारिया. वकिलांपुढे पेपरबुकांची चळत, त्यातून चिठ्ठ्यांची टोके बाहेर आलेली. आर. के. गर्ग युक्तिवाद करतात: फाशीने खून थांबतात हे कुणी सिद्ध केलेले नाही, सूड हे शिक्षेचे उद्दिष्ट असू शकत नाही, मग जीव घेणे वाजवी कसे? पीठाकडून येणारा सूर तुम्हाला लवकरच ओळखू येतो. फाशीचा उपयोग आहे की नाही यावर देशोदेशीचे जाणते लोक दोन्ही बाजूंना आहेत. विधिमंडळाने एक बाजू घेतली, तर तिला अवाजवी ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला कुठून आला?

या गदारोळात एक कागद हातचा सुटू देऊ नका. ज्येष्ठ वकील डॉ. वाय. एस. चितळे यांनी दोन याद्या सुचवल्या आहेत: कोणत्या गोष्टी फाशीकडे झुकवतात आणि कोणत्या तिच्यापासून दूर नेतात. दुसरी यादी सावकाश वाचा. आरोपी तीव्र मानसिक क्षोभात होता का? फार तरुण किंवा फार म्हातारा आहे का? कुणाच्या दडपणाखाली होता का? पुन्हा हिंसा करून समाजाला धोका ठरणार नाही, अशी शक्यता आहे का? सुधारून माणसांत परत येऊ शकेल का? शेवटच्या दोन प्रश्नांना जोडून एक वाक्य आहे: हा माणूस या दोन कसोट्यांवर उतरत नाही, हे सरकारने पुराव्याने सिद्ध करायचे.

म्हणजे आरोपीने ‘मी सुधारेन’ असे गयावया करत सांगायचे नाही. तो सुधारणार नाही, हे सरकारने दाखवायचे आहे. आणि तेही गुन्ह्याचे वर्णन पुन्हा वाचून नव्हे, वेगळा पुरावा आणून.

९ मे १९८०. न्या. सरकारिया यांनी लिहिलेला बहुमताचा निकाल येतो: चार विरुद्ध एक, खुनासाठी फाशी घटनेत बसते. घटनाकारांना फाशी ठाऊक होती, म्हणून तर अनुच्छेद ७२ आणि १३४ मध्ये तिचा उल्लेख आहे. अनुच्छेद २१ योग्य प्रक्रियेने जीव घेण्याची शक्यता गृहीत धरतो. न्यायाधीशांना ठरीव साच्यात बांधता येणार नाही, कारण कोणतेही दोन गुन्हे सारखे नसतात. मग तोच निकाल दुसऱ्या दिशेने वळतो. गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहा. चितळ्यांच्या दुसऱ्या यादीतल्या गोष्टींना मोठे वजन द्या. जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल, अशा दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच फाशी द्या.

दुसऱ्या दिवशी मथळ्यात जाण्यासारखा शब्द एकच: वैध. पण तुम्ही निकाल पूर्ण ऐकला आहे. त्यात परवानगी आहे आणि परवानगीला अट आहे. अट काढली तर परवानगीला आधार उरत नाही.

न्या. भगवती त्या दिवशी फक्त असहमती नोंदवतात. कारणे नंतर देईन म्हणतात. ती यायला १६ ऑगस्ट १९८२ उजाडतो. मधल्या काळात एका तुरुंगाशी थांबा. उत्तर प्रदेशात चार जणांच्या खुनासाठी तिघांना फाशी झाली होती. तिघांचा गुन्ह्यातला वाटा सारखा. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. एकाची शिक्षा जन्मठेपेवर आली. दुसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला त्याला फासावर चढवले. त्याच दिवशी तिसऱ्यालाही चढवायचे होते. त्याने पुन्हा न्यायालयात धाव घेतल्यामुळे स्थगिती मिळाली आणि विसंगती उघडी पडली. ती पाहायला दुसरा आता नव्हता.

भगवतींचे भिन्नमत अशा पार्श्वभूमीवर वाचले की त्यातला राग कळतो. माणूस जगणार की मरणार हे त्याच्यासमोर कोणते न्यायाधीश बसले यावर ठरत असेल, तर समानतेचा अनुच्छेद १४ कशासाठी? आणि ही शिक्षा मुख्यतः गरीब, दुबळ्या माणसांच्याच वाट्याला येते, हेही ते स्वच्छ लिहितात. १९८३ मध्ये मिठू खटल्यात खुद्द चंद्रचूड भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ रद्द करतात. जन्मठेपेतल्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही, असे ते कलम होते. न्यायाधीशाला निवडच नसेल तर फाशी घटनेत बसत नाही, हे त्यामुळे पक्के झाले.

आता घराजवळ या. नाशिक जिल्ह्यात २००३ साली दरोडा, बलात्कार आणि खून यांचे भयंकर प्रकरण घडते. भटक्या समाजातल्या सहा गरीब मजुरांना पकडले जाते. सत्र न्यायालय सहाही जणांना फाशी देते. उच्च न्यायालय तिघांची जन्मठेपेवर आणते. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालय पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावते. निकालात गुन्ह्याची क्रूरता पानोपानी आहे. माणसे शोधावी लागतात.

अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ ला, महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात त्याच न्यायालयाचे दुसरे पीठ सांगते की फक्त गुन्हा पाहून फाशी देणे हे बचन सिंगच्या निकालाच्या विरुद्ध आहे, आणि तसे दिलेले आधीचे अनेक निकाल चुकीच्या पायावर उभे आहेत. नाशिकच्या सहा जणांना त्याचा लगेच काही उपयोग होत नाही. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न होते. अखेर ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालय सहाही जणांना निर्दोष सोडते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून भलतीच चार माणसे ओळखली होती आणि तो धागा कुणी तपासलाच नव्हता. भरपाई प्रत्येकी पाच लाख रुपये. सोळा वर्षांनी.

२०१५ मध्ये विधी आयोग दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळून फाशी रद्द करण्याची शिफारस करतो. मे २०२२ मध्ये न्या. उदय लळित यांच्या पीठाचा मनोज खटल्यातला निकाल सत्र न्यायालयांना सांगतो: आरोपीचा मानसिक अहवाल, तुरुंगातली वर्तणूक, घरची परिस्थिती, हे सगळे शिक्षा ठरवण्याआधीच मागवा. म्हणजे १९८० ची अट अमलात कशी आणायची हे सांगायला बेचाळीस वर्षे लागली.

आता तुमच्या काळात परत या. १ जुलै २०२४ पासून खुनासाठी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे १०३ कलम आले आहे. आकडा बदलला, फाशी किंवा जन्मठेप हा पर्याय तोच. एखाद्या जिल्हा न्यायालयात आरोपी नुकताच दोषी ठरला आहे आणि शिक्षेवर युक्तिवाद व्हायचा आहे. सरकारी वकील प्रेतांची वर्णने पुन्हा वाचून दाखवतात. बचावाचा वकील ‘वय लहान आहे, घरी म्हातारी आई आहे’ एवढे बोलून खाली बसतो.

फाशी वैध आहे का, हा प्रश्न बचन सिंग खटल्यात एकदाच सुटला, असे समजण्याची सोय आपल्याला कुणी दिलेली नाही. तो प्रत्येक वेळी याच अर्ध्या तासात सुटतो किंवा बिघडतो. हा माणूस सुधारणार नाही, याचा पुरावा सरकारने कोणता आणला? उत्तर नसेल तर फाशी देऊ पाहणारे न्यायालय बचन सिंगच्या निकालाचा आधार घेऊ शकत नाही, कारण त्या निकालाने अशा फाशीला परवानगी दिलेलीच नाही.