पंतोजींचा शिधा

अमेरिकेत शाळकरी मुलाने मास्तरांच्या टेबलावर सफरचंद ठेवावे, अशी एक चाल आहे. गावाने मास्तराला पोसावे आणि जे पिकेल त्यातले काही त्याच्या पदरात घालावे, त्या दिवसांची ती खूण, असे म्हणतात. आपल्या कन्हेरी-बारामतीच्या मुलुखात सफरचंद कुठले? येथे पसाभर जोंधळा होता.

गुरुदक्षिणा म्हटली की कौत्साची गोष्ट निघावयाचीच. दसऱ्याला आपट्याचे पान हाती देताना ती हटकून सांगतात. पण कालिदासाने ‘रघुवंशा’त दिलेला तिचा पूर्वार्ध बहुधा सांगावयाचा राहून जातो. वरतंतूने प्रथम काहीच मागितले नव्हते. तुझी सेवा हीच दक्षिणा, असा त्याचा भाव होता. शिष्यानेच हट्ट धरला, तेव्हा रागावून त्याने चौदा विद्यांचे चौदा कोटी सांगितले. आपट्याचे झाडही कालिदासात नाही. तेथे सोने रघूच्या कोशागारात पडते. झाड लोकांनी मागाहून लावले, आणि चांगले लावले. पान सर्वांना परवडते!

गावच्या पंतोजींना मात्र ‘नको’ म्हणण्याची ऐपत नव्हती. सुतार, लोहार, न्हावी यांचा हक्क खळ्यावर ठरलेला, कुलकर्ण्याला वतन. बारा बलुत्यांच्या रूढ यादीत पंतोजी नाही. त्याने देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर शाळा भरवावयाची, मुलांना धुळाक्षरांपासून मोडी वळणापर्यंत आणि पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत न्यावयाचे, आणि पोट भरावयाचे ते घरोघरच्या धान्यावर, चार पैशांवर, सणावारच्या शिध्यावर. पाटीपूजनाला जी काय दक्षिणा पडेल ती वरकड. एल्फिन्स्टनसाहेबाच्या अमदानीत या शाळांची चौकशी सुरू झाली. १८२९ च्या मोजणीत मुंबई इलाख्याच्या इंग्रजी मुलुखात १७०५ शाळा आणि सुमारे ३५ हजार मुले भरली. त्यांत सरकारी शाळा अवघ्या २५. म्हणजे बाकीचा सारा डोलारा मुख्यतः आईबापांच्या देण्यावर उभा होता. रा. वि. परुळेकरांनी ही जुनी कागदपत्रे संपादून छापली, हे त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे.

परंतु ही व्यवस्था गोड होती असे कोणी समजू नये. ज्या घरातून शिधा येई त्या घरचे पोर ओसरीवर बसे. अस्पृश्यांच्या मुलांना ती ओसरी बंद होती आणि मुली तेथे दिसत नसत. शिध्याने पंतोजी जगला, पण कोणी शिकावे हेही शिध्यानेच ठरविले. माझ्या मते या प्रथेचा खरा दोष येथे आहे. पंतोजीच्या छडीची आपण उगाच जास्त चर्चा करतो.

राजाची दक्षिणा निराळी. ती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली, पेशव्यांनी पुण्यात चालविली आणि श्रावणात ती विद्वान ब्राह्मणांना वाटली जाई. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तरी इंग्रजांनी तो खर्च एकदम तोडला नाही. त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे जोतीराव फुल्यांच्या शाळांनाही दक्षिणा फंडातून मदत मिळाली. दक्षिणेचा ओघ ओसरीबाहेरच्या मुलांकडे वळला, तो असा.

आणि विसाव्या शतकात तर तो उलटाच वाहू लागला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. घरोघरच्या बायकांनी दळताना एक मूठ धान्य बाजूला काढावे, असा परिपाठ त्यांनी घातला. ते धान्य मास्तरासाठी नव्हते. वसतिगृहातल्या पोरांसाठी होते. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंक्तीला बसत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडले आणि चूल पेटती ठेवली.