करबुड्याचा बोगदा, आल्कोचा धूर आणि इंजिनाचा मेंदू

१/
मोटारीतले जुने इंजिन काढून टर्बोचार्जर असलेले जोमदार इंजिन बसवले, की जाणता मेकॅनिक आधी विचारतो, "ईसीयूचे काय?" इंजिन नवे आणि त्याला हुकूम सोडणारा संगणक जुना, हे जमत नाही. हाच प्रश्न एकेकाळी भारतीय रेल्वेच्या हजारो अश्वशक्तीच्या इंजिनांपुढे उभा होता. आजचा थ्रेड त्या इतिहासाचा. सुरुवात रत्नागिरीपासून करू.

२/
२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत नव्वदहून अधिक बोगदे. त्यांतला सर्वांत लांब, सुमारे ६.५ किलोमीटरचा, रत्नागिरीच्या उत्तरेस उक्षी आणि भोके या स्थानकांदरम्यान करबुडे येथे आहे. काश्मीरमधील पीर पंजाल बोगदा २०१३ साली सुरू होईपर्यंत देशातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा तो हाच.

३/
हा मार्ग सुरू झाला तो डिझेल इंजिनांवर. उघड्या माळावर इंजिनाचा धूर वाऱ्यावर विरून जातो. बोगद्यात तो कोंडतो. म्हणूनच लांब बोगद्यांत वायुवीजनासाठी मोठे पंखे बसवावे लागले. बोगदा जवळ येताच खिडक्या लावून घेण्याची डब्यातली लगबग अनेकांना आठवत असेल. पण इतका काळा धूर येत होता तरी का? उत्तरासाठी अमेरिकेत जावे लागेल.

४/
न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे आल्को, म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, होती. तिच्या आराखड्याची 'डब्ल्यूडीएम-२' ही २६०० अश्वशक्तीची इंजिने १९६२ पासून भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात घडू लागली. १९६९ साली आल्कोने इंजिने बनवणे बंद केले. जन्मभूमीत वंश खुंटला, तो भारतात मात्र पुढे कित्येक दशके वाढत राहिला.

५/
या इंजिनाचे हृदय म्हणजे १६ सिलिंडरांचे, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे चार-स्ट्रोक डिझेल यंत्र आणि त्यावरचा टर्बोचार्जर. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबते. हवा अधिक, म्हणून जाळता येणारे इंधनही अधिक, म्हणून त्याच आकाराच्या यंत्रातून शक्तीही अधिक.

६/
आणि मेंदू? त्या काळी संगणक नव्हता. होता गव्हर्नर. १७८८ साली जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राला जोडलेल्या फिरत्या गोळ्यांच्या गव्हर्नरचा हा वंशज. चालकाच्या हाताशी आठ नॉचांचा दांडा असे. नॉच वाढवला, की गव्हर्नर तेलाच्या दाबाने इंधनपंपांची दांडी सरकवी आणि फेरे ठरलेल्या आकड्यावर आणून तेथे टिकवी.

७/
मेख येथेच होती. नॉच वाढवताच इंधन क्षणात वाढते. हवा मात्र क्षणात वाढत नाही. आधी जास्त इंधन जळावे, मग वायूचा जोर वाढावा, मग टर्बोचे चक्र वेग घ्यावे, तेव्हा कोठे हवा वाढणार! मधल्या काही सेकंदांत इंधन जास्त आणि हवा कमी अशी स्थिती होते. अर्धवट जळलेले ते इंधन काळ्या लोटाच्या रूपाने आकाशात जाते. आल्कोचा प्रसिद्ध धूर तो हाच.

८/
छायाचित्रकारांना हा धूर फार प्रिय. पण काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेले, पण काम न करता गेलेले इंधन. शिवाय तापणारा टर्बो आणि काजळी धरणारे झडपांचे भाग. आणि करबुड्यासारख्या बोगद्यात तोच धूर चालकाच्या, गँगमनच्या आणि प्रवाशाच्या छातीत जाणार. चढ १५० स१ एक इतकाच सौम्य ठेवला असला, तरी जड गाडी ओढायला शक्ती लागतेच.

९/
दरम्यान अधिक शक्तीची मागणी वाढत होती. १९९४ पासून त्याच १६ सिलिंडरांतून ३१०० अश्वशक्ती काढणारी आवृत्ती आली. पुढे तिला 'डब्ल्यूडीएम-३ए' हे नाव मिळाले. १५ ऐवजी १७ मिलिमीटर व्यासाच्या प्लंजरचे इंधनपंप, नव्या घडणीचा कॅमशाफ्ट, अधिक कार्यक्षम टर्बो आणि दाबलेली हवा थंड करणारा मोठा आफ्टरकूलर, असे हे बदल होते.

१०/
केवळ नवी इंजिनेच बांधली असे नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात जुनी २६०० अश्वशक्तीची इंजिने मुळापासून उघडून ३१०० अश्वशक्तीची करून परत पाठवली जात. सांगाडा जुना, हृदय नवे. मोटारीच्या भाषेत हाच 'इंजिन स्वॅप'. आणि मग तोच प्रश्न उभा राहतो: मेंदूचे काय?

११/
उत्तर मायक्रोप्रोसेसरने दिले. रिले आणि तारांच्या जंजाळाची जागा संगणकीय नियंत्रणाने घेतली. तेलाच्या गव्हर्नरच्या जागी इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर येऊ लागले. हैदराबादच्या मेधासारख्या भारतीय कंपन्यांनी ते येथेच बनवले. हा गव्हर्नर फेऱ्यांसोबत टर्बोकडून येणाऱ्या हवेचा दाबही मोजतो. हवा पोहोचेपर्यंत तो इंजिनावरचा भार रोखून धरतो. परिणामी धूर कमी, इंधनाचा अपव्यय कमी.

१२/
'भार रोखणे' म्हणजे काय? डिझेल इंजिन चाके थेट फिरवत नाही. ते जनित्र फिरवते, आणि जनित्राची वीज चाकांजवळच्या मोटारींना जाते. जनित्राचे चुंबकत्व कमी केले, की इंजिनाला हलके वाटते. संगणक हे काम सेकंदाच्या अंशांत करतो. शिवाय पावसाळ्यात ओल्या रुळावर चाक घसरू लागले, तर ते ओळखून शक्ती आवरतो. कोकणातल्या आषाढात याचे मोल वेगळे सांगायला नको.

१३/
याच सुमारास जनरल मोटर्सच्या आराखड्याची ४००० अश्वशक्तीची 'डब्ल्यूडीजी-४' इंजिने आली. त्यांत संगणक जन्मापासूनच होता. टर्बोची दिरंगाई तेथे यंत्रानेच सोडवली होती. फेरे कमी असताना टर्बो दातेरी चाकांनी इंजिनाला जोडलेला राहतो. वायूचा जोर पुरेसा झाला, की क्लच त्याला मोकळे सोडतो. एकाच अडचणीची ही दोन उत्तरे: एक लोखंडातले, एक गणितातले.

१४/
पण या स्थित्यंतरात माणसाचे काय झाले? धुराच्या रंगावरून बिघडलेला इंजेक्टर ओळखणे, टर्बोच्या शिट्टीवरून बेअरिंगची तब्येत सांगणे, ही डिझेल शेडमधल्या कारागिरांची वर्षानुवर्षांची विद्या. आता पडदा बिघाडाचा क्रमांक दाखवू लागला. काम सोपे झाले, नोंदी अचूक झाल्या. पण कानाने मिळवलेले ते ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत उतरले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही हानीही नोंदवली पाहिजे.

१५/
शेवटचा 'स्वॅप' सर्वांत मोठा. २०१८ साली वाराणसीत जुन्या डिझेल इंजिनांच्या जोडीतून विजेचे इंजिन तयार झाले. मार्च २०२२ मध्ये रत्नागिरी ते थिवी हा टप्पा पूर्ण होऊन कोकण रेल्वेचे विद्युतीकरण संपले, आणि २० जून २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. करबुड्याच्या बोगद्यातून आता विजेवरची गाडी धुराविना जाते.

१६/
या कथेचे सार एवढेच. शक्ती नुसत्या इंजिनात नसते. किती हवेला किती इंधन, आणि ते केव्हा, हे ठरवणाऱ्या विवेकात ती असते. वॅटचे फिरते गोळे, तेलाचा गव्हर्नर आणि तुमच्या गाडीतला ईसीयू ही त्याच विवेकाची तीन रूपे. पुढच्या वेळी कोकणात जाताना उक्षी स्थानक गेले, की खिडकी उघडीच ठेवा. आत येणारी ती स्वच्छ हवा याच इतिहासाची कमाई आहे.