टेकडीवरचं हायगेट

हायगेट हे नाव आपण मराठी माणसं बहुधा एकाच घरामुळे ओळखतो. क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचं ६५ क्रमांकाचं घर, म्हणजे ‘इंडिया हाऊस’. पंडित श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी काढलेलं वसतिगृह. पुढच्याच वर्षी सावरकर तिथे राहायला आले. मीही तेच घर पाहायला म्हणून ती चढण चढलो. पाटीपुढे हात जोडले आणि तसाच माथ्यावर गेलो. तिथे मला एक कोडं पडलं. लंडन चहूबाजूंनी पसरत आलं, तरी लोक या भागाला अजून ‘व्हिलेज’ म्हणतात आणि तो तसा दिसतोही. हे खेडं शिल्लक राहिलं कसं?

त्याची सुरुवात नावातच आहे. ‘हाय गेट’ म्हणजे उंचावरचं फाटक. चौदाव्या शतकात उत्तरेकडची वाट लंडनच्या बिशपच्या रानातून या टेकडीवरून जाऊ लागली आणि माथ्यावर टोलनाका बसला. चढून दमलेली घोडी आणि तहानलेले प्रवासी इथे थांबत. त्यांच्या जिवावर खाणावळी उभ्या राहिल्या. तिथे पाहुण्याला जनावराच्या शिंगांवर हात ठेवून गमतीची शपथ घ्यायला लावायची रीतही पडली.

पण हा चढ गाड्यांना जड जाई. तो टाळण्यासाठी शेजारून बोगदा खणायला घेतला, तो १८१२ साली कोसळला. मग उघडी खिंड कापून १८१३ साली ‘आर्चवे रोड’ सुरू झाला. वाहतूक गावाला वळसा घालून खालून जाऊ लागली. खाणावळींचा धंदा बसला असेल. पण मला वाटतं, गाव वाचलं ते इथेच.

१८६७ साली रेल्वे आली, तीही माथा टाळूनच. १८८४ साली टेकडीवर दोराने ओढली जाणारी ट्राम सुरू झाली, युरोपातली ती पहिलीच. शहरात नोकरी करून संध्याकाळी टेकडीच्या हवेत परतणं आता सोयीचं झालं. उतारांवर एकसारख्या विटांच्या घरांच्या रांगा उठल्या. क्रॉमवेल ॲव्हेन्यू ही त्यांतलीच. म्हणजे आपलं इंडिया हाऊस खेड्यात नव्हतंच. ते या नव्या उपनगरात होतं. अशा सभ्य, शांत वस्तीत स्वातंत्र्याचे बेत रचले जात होते.

पुढे संकट आलं ते त्याच आर्चवे रोडवर. १९७०च्या दशकात तो रुंद करण्याचा घाट सरकारनं घातला. रहिवाशांनी चौकशीच्या बैठका अक्षरशः उधळून लावल्या. अखेर १९९० साली योजना गुंडाळली गेली.

उतरताना मी खिंडीवरच्या पुलावर थांबलो. हा पूल १९०० सालचा. माथ्यावर झाडं, जुनी घरं, निवांतपणा. आणि पुलाखाली ट्रकांची न संपणारी रांग. गावानं दोनशे वर्षांपूर्वी जी वर्दळ खाली सोडली, ती कुठे गेलेली नाही. त्या रस्त्याच्या कडेला राहणारी माणसं ती रोज ऐकतात. हायगेटचं खेडेपण पाहून मी हरखलो होतो. त्याची किंमत कोण मोजतं, ते मला त्या पुलावर कळलं.