घर आधी संगणकात बांधताना...

स्लॅब टाकून आठवडा उलटलेला असतो. प्लंबर येतो, वरच्या स्वच्छतागृहाचा नळ खाली आणण्यासाठी जागा शोधतो आणि नेमक्या त्याच जागी तुळई असल्याचे त्याच्या लक्षात येते. मग कोअर कटिंगचे यंत्र मागविले जाते. भोक पडते, नळही बसतो. आत किती सळया कापल्या गेल्या याची नोंद मात्र कुठेच होत नाही. वास्तुविशारदाच्या नकाशात नळ बरोबर होता, आरसीसी सल्लागाराच्या नकाशात तुळईही बरोबर होती. चूक एवढीच, की दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून कुणी पाहिलेच नव्हते.

हे पाहण्याची सोय करून देणारे तंत्र म्हणजे 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', अर्थात 'बिम'. (बांधकामावर 'बीम' म्हटले की कुणालाही तुळईच आठवते. गोंधळ नको म्हणून या लेखात तुळईला तुळईच म्हटले आहे.) ऑटोकॅडसारख्या कार्यक्रमात आपण रेषा काढतो, ती रेषा भिंतीची आहे हे संगणकाला ठाऊक नसते. बिममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच उभी राहते. तिची जाडी, उंची, साहित्य, तिच्यातील दार, तिला लागणारा गिलावा ही सारी माहिती तिच्याबरोबर असते. आराखड्यात दार सरकविले की उभ्या छेदात, दारांच्या यादीत आणि विटकामाच्या मोजमापातही ते सरकते.

कल्पना नवी नाही. चक ईस्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ साली या धर्तीच्या संगणकीय इमारतवर्णनाची मांडणी केली होती. 'रेव्हिट' बाजारात आले २००० साली आणि २००२ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीने घेतले. हंगेरीत जन्मलेले 'आर्किकॅड' त्याहून जुने. ब्रिटनने एप्रिल २०१६पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी बिमचा वापर बंधनकारक केला. आपल्याकडे नागपूर मेट्रोच्या उभारणीत वेळापत्रक आणि खर्च यांचीही जोड दिलेल्या 'पंचमिती बिम'चा गाजावाजा झाला. मोठ्या प्रकल्पांचे ठीक आहे. परंतु सात-आठ मजल्यांचा पुनर्विकास हाती घेणाऱ्या मध्यम बिल्डरने किंवा चार जणांच्या वास्तुविशारद कार्यालयाने सॉफ्टवेअर घेतले, तर पैसे वसूल होतील का? उत्तर सॉफ्टवेअरपेक्षा ते वापरण्याच्या शिस्तीवर अधिक अवलंबून आहे.

पहिली भिंत उभी करण्यापूर्वी

सर्वाधिक वेळ वाया जातो तो सुरुवातीला न ठरविलेल्या गोष्टींपायी. वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नळ-वीज-वातानुकूलनाचे सल्लागार यांनी एकत्र बसून चार बाबी कागदावर आणाव्यात.

पहिली बाब, आरंभबिंदू. ग्रिडच्या दोन ठरावीक रेषा जिथे छेदतात तो बिंदू सर्वांनी एकच मानावा. मोजणीदाराकडून आलेले प्रत्यक्ष भौगोलिक सहनिर्देशक जसेच्या तसे घेऊन त्यावर मॉडेल उभारू नये. मॉडेल सॉफ्टवेअरच्या अंतर्गत शून्यबिंदूपासून फार दूर गेले की आकृती थरथरू लागते, मापे बिघडतात. इमारत शून्याजवळ ठेवून भौगोलिक स्थान 'सामायिक सहनिर्देशकां'द्वारे जोडावे.

दुसरी बाब, पातळी. वास्तुविशारद मजल्याची पातळी फरशीच्या वरच्या पृष्ठावर धरतो, तर आरसीसी सल्लागार स्लॅबच्या वरच्या पृष्ठावर. दोहोंत ५० मि.मी.चा फरक सहज असतो. तो आधी बोलला गेला नाही, तर जिन्याची पहिली वा शेवटची पायरी हमखास चुकते.

तिसरी बाब, सॉफ्टवेअरची आवृत्ती. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. एकाने उत्साहाच्या भरात मधेच नवी आवृत्ती घेतली, की बाकीच्यांचे काम अडते. काम संपेपर्यंत आवृत्ती बदलायची नाही, असा दंडकच असावा.

चौथी बाब, करार. मॉडेल कुणाच्या मालकीचे, ते कुणी अद्ययावत ठेवायचे आणि मॉडेल व सहीचा नकाशा यांत तफावत आढळल्यास ग्राह्य काय, हे करारात लिहिलेले असावे. माहितीच्या देवाणघेवाणीची शिस्त सांगणारी आयएसओ १९६५० ही मानकमाला २०१८पासून उपलब्ध आहे. छोट्या कार्यालयाला ती अख्खी अंगीकारणे जड जाईल. तरी 'कोणती माहिती, कुणाला, कधी, कोणत्या स्वरूपात' हा तिचा गाभा दोन पानांत उतरविता येतो.

सर्वजण एकच सॉफ्टवेअर वापरतील असे नाही. अशा वेळी 'आयएफसी' हे कंपनीनिरपेक्ष स्वरूप कामी येते. त्यालाही आयएसओ १६७३९ हे मानक आहे. मात्र आयएफसी फाइल ही पाहण्यासाठी, मोजण्यासाठी आणि ताडून बघण्यासाठी. दुसऱ्याची आयएफसी उघडून त्यात बदल करीत बसणे म्हणजे छापील पत्रावर खाडाखोड करण्यासारखे आहे. दुरुस्ती मूळ मॉडेलमध्येच व्हावी. आयएफसी पाहण्याचे कार्यक्रम मोफत मिळतात. फ्रीकॅड आणि ब्लेंडरवर चालणारे बोन्साय या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर मॉडेलिंगही करता येते. तेव्हा महागडा परवाना घेण्यापूर्वी हात बसविण्यास हरकत नसावी.

तपशिलाचा हव्यास

नवशिक्याला दाराची बिजागरीसुद्धा मॉडेलमध्ये हवी असते. उत्पादकांच्या संकेतस्थळांवरून उतरविलेले कमोड आणि नळ पाहायला देखणे असतात. असे दोनशे कमोड भरले की फाइल उघडायलाच चहा पिऊन यावा लागतो. मॉडेल किती तपशिलाचे असावे यासाठी १०० ते ५०० असे स्तर रूढ आहेत. १०० म्हणजे ठोकळा, ३०० म्हणजे नेमके आकारमान, ३५० म्हणजे शेजारच्या घटकाशी असलेला जोड, ४०० म्हणजे कारखान्यात बनविता येईल इतका तपशील आणि ५०० म्हणजे जागेवर पडताळलेली स्थिती. नळ आणि तुळया यांच्या समन्वयासाठी साधारणतः ३०० ते ३५० पुरेसे होते. शिवाय सगळ्या इमारतीला एकच स्तर लावण्याचे कारण नाही. वातानुकूलन यंत्राची खोली बारकाईने करावी, जिन्याचा कठडा ढोबळ ठेवावा.

अनेकजण एकाच मॉडेलवर काम करीत असतील, तर मध्यवर्ती फाइल थेट उघडू नये. प्रत्येकाने आपल्या स्थानिक प्रतीवर काम करून दिवसातून काही वेळा ती मध्यवर्ती फाइलशी जुळवून घ्यावी. सॉफ्टवेअर देत असलेल्या इशाऱ्यांची यादी आठवड्यातून एकदा तरी साफ करावी.

टकरी आणि त्यांचा प्राधान्यक्रम

नेव्हिसवर्क्ससारख्या कार्यक्रमात सगळी मॉडेल एकत्र आणून 'टकरी' शोधल्या जातात. पहिल्याच फेरीत हजारो टकरी निघतात आणि उत्साह मावळतो. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात: भिंतीतून मुद्दाम नेलेली वीजवाहिनी, फॉल्स सीलिंगला टेकलेला दिवा. म्हणून सरसकट शोध न घेता जोड्या ठराव्यात. आधी सांडपाण्याचे नळ विरुद्ध तुळया, मग वातानुकूलनाचे डक्ट विरुद्ध तुळया, त्यानंतर डक्ट विरुद्ध अग्निशमन वाहिन्या. एकाच कारणाच्या पन्नास टकरी एकाच गटात बांधाव्यात; डक्ट एकदा खाली घेतला की त्या साऱ्या मिटतात.

जागा आधी कुणाला द्यायची, याचा नियम साधा आहे. ज्याला उतार लागतो त्याचा मान पहिला. पाण्याचा दाब असलेला नळ वळसा घेऊ शकतो, वीजतार तर कुठूनही जाते. सांडपाणी मात्र वर चढत नाही. एक हिशेब पाहू. कार्यालयीन इमारतीत मजल्याची उंची ३६०० मि.मी. आहे. ६०० मि.मी. खोल तुळई आणि ५० मि.मी. फरशी वजा जाता तुळईखाली २९५० मि.मी. उरतात. तुळईखालून ११० मि.मी. व्यासाचा सांडपाण्याचा नळ १२ मीटर न्यायचा आहे. १ ला ६० असा उतार धरला, तर शेवटाला तो २०० मि.मी. खाली येतो. त्याखालून आवरणासह ३५० मि.मी.चा डक्ट गेला की उरले २२९०. फॉल्स सीलिंग आणि दिवे यांना १०० दिले, तर माणसाच्या वाट्याला २१९० मि.मी., म्हणजे जेमतेम सव्वासात फूट! हा आकडा मॉडेलमध्ये दिसला तर डक्टची वाट बदलता येते. स्लॅब टाकल्यावर दिसला तर दिवसभर डोक्यावर छत घेऊन वावरावे लागते.

वस्तू वस्तूला भिडली नाही म्हणजे सारे ठीक, असेही नव्हे. व्हॉल्व्ह फिरविण्यासाठी हात जायला हवा, गाळणी काढण्यासाठी झाकण उघडायला हवे. ही मोकळी जागाही अदृश्य ठोकळा म्हणून मॉडेलमध्ये ठेवावी आणि तिच्याशी होणारी टक्कर खरी मानावी.

अचूक आकडा, चुकीचे बिल

बिमचे मोठे आकर्षण म्हणजे आपोआप निघणारे मोजमाप. येथेच सर्वाधिक सावध राहायला हवे. २३० मि.मी. रुंदीच्या तुळया आणि १५० मि.मी.चा स्लॅब मॉडेलमध्ये नीट जोडले गेले नसतील, तर दोहोंच्या छेदातील काँक्रीट दोनदा मोजले जाते. शंभर मीटर तुळयांमागे ही चूक ३.४५ घनमीटर भरते. म्हणून एका मजल्याचे मोजमाप हाताने काढून ताडून पाहिल्याशिवाय मॉडेलच्या आकड्यावर मागणी नोंदवू नये.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. आपल्याकडील मोजमाप आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे होते. गिलाव्याच्या मोजमापात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होतच नाही. त्याहून मोठ्या, तीन चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट एकाच बाजूची होते आणि कडांचा गिलावा वेगळा धरला जात नाही. १.२ मीटर लांब-रुंद खिडकी घ्या. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंचे मिळून २.८८ चौरस मीटर वजा करते. मानकाप्रमाणे वजा होतात १.४४. सॉफ्टवेअर भूमितीने बरोबर आहे, कंत्राटदार मानकाने बरोबर आहे, आणि बिल मात्र अडकून पडते. निविदेतच मोजमापाची पद्धत स्पष्ट करणे आणि मॉडेलमधील यादीला त्याप्रमाणे सूत्र देणे, हाच उपाय.

घर घेणाऱ्या वाचकाचा संबंध येतो तो कार्पेट क्षेत्राशी. २०१६च्या रेरा कायद्यातील व्याख्येनुसार सदनिकेच्या आतील विभाजक भिंतींखालील जागा कार्पेट क्षेत्रात धरली जाते; बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, सदनिकेची बाल्कनी व उघडी गच्ची वगळली जाते. सॉफ्टवेअरमधील 'खोली'चे क्षेत्रफळ मात्र सहसा भिंतीच्या आतल्या पृष्ठापर्यंतच मोजले जाते. सर्व खोल्यांची बेरीज केली, तर विभाजक भिंती निसटतात. १०० मि.मी. जाडीच्या वीस मीटर भिंती म्हणजे २ चौरस मीटर, सुमारे साडेएकवीस चौरस फूट. बाल्कनीला 'खोली' ठरविले, तर चूक उलट्या दिशेने होते आणि मग ती ग्राहकाच्या खिशाला लागते. रेराच्या व्याख्येप्रमाणे सीमा आखणारा स्वतंत्र क्षेत्र-आराखडा मॉडेलमध्ये करून ठेवावा.

मुकादमाच्या हाती काय पडते?

संगणकाच्या पडद्यावर मॉडेल कितीही फिरविले, तरी सेंट्रिंगवर उभ्या असलेल्या मुकादमाला त्याचा उपयोग नसतो. त्याला हवा असतो एक कागद: या स्लॅबमध्ये स्लीव्ह कुठे, किती व्यासाची, ग्रिडच्या कोणत्या रेषेपासून किती अंतरावर. असा स्लीव्ह-नकाशा प्रत्येक स्लॅबसाठी मॉडेलमधून वेगळा काढावा, मापे टेपने मोजता येतील अशी पूर्णांकात द्यावीत आणि सळया बांधायला सुरुवात होण्यापूर्वी तो जागेवर पोहोचवावा. त्यानंतरचा बदल आरसीसी सल्लागाराच्या लेखी संमतीशिवाय करू नये. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी तोच कागद हाती घेऊन प्रत्येक स्लीव्ह मोजावी आणि छायाचित्रे काढावीत.

जागेवर ऐनवेळी बदल होतातच. ते मॉडेलमध्ये परत आले नाहीत, तर काम संपताना हाती उरते ते कधीच न बांधल्या गेलेल्या इमारतीचे चित्र. आठवड्यातला एक ठरावीक दिवस या नोंदींसाठी राखून ठेवणारी कार्यालये पुढे सुखी राहतात.

पुनर्विकासातील गृहनिर्माण संस्थांनीही विकासकाशी करार करतानाच प्रत्यक्ष झालेल्या कामानुसार सुधारलेले मॉडेल मूळ स्वरूपात, सोबत त्याची आयएफसी प्रत, पीडीएफ नकाशे आणि गिलाव्यापूर्वीची छायाचित्रे ताबा घेताना मिळतील, असे कलम घालून घ्यावे. दहा वर्षांनी एखाद्या सदनिकेत गळती सुरू झाली, की भिंत नेमकी कुठे फोडायची हे समितीला त्यावरूनच कळेल.